लेक्झिंग्टनला शिकलेले डॉक्टर

२६ जूनला आमच्या शाळेत एकाच परिपाठात दोन दिवस साजरे होतात. राजर्षी शाहू महाराजांची जयंती आणि जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. शाहू महाराजांवर मुले भरभरून बोलतात. दुसऱ्या विषयावर मात्र दरवर्षी तीच चार वाक्ये ऐकू येतात. व्यसन वाईट असते, व्यसनी माणूस स्वतःचा नाश करतो, घरादाराची राखरांगोळी करतो, म्हणून व्यसनापासून दूर राहा. या भाषणांत व्यसनी माणूस असतो, त्याची रडणारी बायको असते, पोलीस असतो. डॉक्टर क्वचितच असतो.

व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार करणारे डॉक्टर असतात, हे आज आपण निदान तोंडाने तरी म्हणतो. पण हे डॉक्टर कुठे शिकले? त्यांना कोणी शिकवले? शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे मला या प्रश्नाचे कुतूहल जरा जास्तच आहे. उत्तर शोधता शोधता मी अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टन शहराबाहेर, कुरणांच्या मधोमध उभ्या असलेल्या एका सरकारी इमारतीपाशी पोचलो. ती इमारत अर्धी इस्पितळ होती आणि अर्धी तुरुंग. रुग्ण बरे करण्यात ती जवळजवळ पूर्ण अपयशी ठरली. तरीही या विषयातले विसाव्या शतकातले अनेक मोठे डॉक्टर तिथेच घडले.

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागेल. १९१४ साली अमेरिकेत हॅरिसन कायदा झाला. वरवर पाहता तो अफू आणि कोकेनच्या व्यवहारांची नोंद ठेवणारा, कर घेणारा कायदा होता. आपल्या व्यवसायाच्या मर्यादेत ही औषधे लिहून देण्याची मुभा डॉक्टरांना होती. पण १९१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, व्यसनी माणसाची नेहमीची गरज भागावी एवढ्यासाठी मॉर्फिन लिहून देणे म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे. मग डॉक्टरांवर खटले सुरू झाले, काहींना शिक्षाही झाल्या. बाकीच्यांनी काय धडा घ्यायचा तो घेतला. असा रुग्ण आला की त्याला दारातूनच परत पाठवायचे.

याचा एक परिणाम लगेच दिसला. रुग्ण दवाखान्यातून तुरुंगात गेले. दुसरा परिणाम हळूहळू झाला आणि तो अधिक खोल होता. वैद्यक ही उस्तादाच्या हाताखाली, रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून शिकायची विद्या आहे. खाटेवर रुग्णच नसेल तर विद्यार्थी शिकणार कोणाकडून? वीसेक वर्षांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी अशी तयार झाली की जिने अफूच्या व्यसनी माणसाला नीट तपासलेलेच नव्हते. त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार पोलिसांकडे आणि पाद्र्यांकडे गेला.

केंद्र सरकारचे तुरुंग या कैद्यांनी भरून वाहू लागले, तेव्हा १९२९ मध्ये अमेरिकी संसदेने पोर्टर कायदा करून दोन ‘नार्कोटिक फार्म’ उभारायचे ठरवले. पहिला लेक्झिंग्टनला १९३५ च्या मे महिन्यात सुरू झाला, दुसरा टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला १९३८ मध्ये. लेक्झिंग्टनची जागा सुमारे हजार एकर होती आणि हजाराहून अधिक माणसे राहू शकतील एवढी सोय होती. रुग्ण दोन प्रकारचे. शिक्षा झालेले कैदी, आणि स्वतःहून दाखल झालेले स्वेच्छेचे रुग्ण. कैद्याला मुदत संपेपर्यंत जाता येत नसे, स्वेच्छेने आलेल्याला केव्हाही जाता येई. तिथे गाई होत्या, शेती होती, शिवणकाम आणि सुतारकामाचे कारखाने होते. मोकळी हवा, कष्ट आणि शिस्त यांनी माणूस सुधारेल अशी कल्पना होती. पुढे सॉनी रॉलिन्स आणि चेट बेकर यांच्यासारखे जॅझचे नामवंत वादकही तिथे राहून गेले.

पहिले प्रमुख डॉ. लॉरेन्स कोल्ब. अफूमुळे माणूस गुन्हेगार होतो ही समजूत चुकीची आहे, असे ते १९२० च्या दशकापासून लिहीत होते. त्या काळात सरकारी नोकरीत राहून असे लिहिणे सोपे नव्हते. शिवाय या संस्थेत पहिल्यापासून संशोधनाचा एक स्वतंत्र विभाग होता. तोच पुढे ‘ॲडिक्शन रिसर्च सेंटर’ या नावाने ओळखला गेला. व्यसनावर सलग, शिस्तीने काम करणारी त्या काळात जगात दुसरी अशी जागा सापडणे कठीण होते.

आता डॉक्टर तिथे कसे येत ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. या विषयाच्या आवडीने आलेले फार थोडे होते. लेक्झिंग्टन अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या ताब्यात होते. त्या देशात १९७३ पर्यंत सक्तीची लष्करभरती होती आणि तरुण डॉक्टर त्यातून सुटत नसत. मात्र सार्वजनिक आरोग्य सेवेत दोन वर्षे काढली की ती लष्करी सेवा म्हणून धरली जाई. कोरिया आणि पुढे व्हिएतनामच्या काळात अनेकांनी हा पर्याय घेतला. पण नेमणूक कुठे होईल हे सेवेच्या हातात होते. काही जणांच्या कागदावर लेक्झिंग्टन आले.

मेरी निस्वँडर यांची कथा याहून थोडी आधीची. त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात शल्यविशारद व्हायचे होते. बाई म्हणून त्यांना नकार मिळाला. सार्वजनिक आरोग्य सेवेने घेतले आणि १९४५ मध्ये लेक्झिंग्टनला पाठवले. तिथे त्यांना जे दिसले त्याने त्या अस्वस्थ झाल्या. रुग्णाशी वागण्याची रीत कैद्याशी वागण्याची होती. वर्षभराने त्या न्यूयॉर्कला परतल्या, मनोविश्लेषणाचे शिक्षण घेऊन त्यांनी खासगी दवाखाना थाटला. पण लेक्झिंग्टनमध्ये पाहिलेली माणसे त्यांच्या मनातून गेली नाहीत. ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते अशा हेरॉइनच्या रुग्णांना त्या तपासू लागल्या, पूर्व हार्लेमच्या गरीब वस्तीत जाऊन काम करू लागल्या. १९५६ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्याच्या नावातच त्यांनी व्यसनी माणसाला रुग्ण म्हटले होते.

निस्वँडरबाईंच्या काळात लेक्झिंग्टनच्या संशोधन विभागात डॉ. अब्राहम विक्लर काम करत होते. त्यांचे एक निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. कित्येक महिने ज्यांच्या शरीरात अफूचा कणही गेलेला नाही असे रुग्ण गटात बसून जुन्या दिवसांच्या गप्पा मारू लागले, की त्यांना जांभया येत, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहू लागे. नशा सोडताना पहिल्या काही दिवसांत दिसतात तीच ही लक्षणे. विक्लरनी याचा संबंध पावलोवच्या कुत्र्यांशी जोडला. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, तसे जुना मित्र, जुनी गल्ली, जुनी आठवण समोर आली की शरीर आपोआप मागणी करते. म्हणजे इस्पितळातून ‘बरा’ होऊन गेलेला माणूस आपल्या गल्लीत पाय ठेवताच पुन्हा का घसरतो, याचे कारण त्याच्या चारित्र्यात नव्हते. ते त्याच्या शिकलेल्या शरीरात होते.

या मागणीला उर्दूत ‘तलब’ म्हणतात. सिगारेटची तलब, चहाची तलब. मूळ अरबी धातूचा अर्थ शोधणे, मागणे. त्याच धातूतून ‘तालिब’ शब्द येतो आणि ‘तालिब-ए-इल्म’ म्हणजे विद्यार्थी, ज्ञान मागणारा. वर्गात हा शब्द शिकवताना मी दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. लेक्झिंग्टनमध्ये ही दोन्ही माणसे एका छपराखाली होती. एकाला तलब होती, दुसरा तालिब होता, आणि दुसऱ्याचा धडा पहिल्याच्या शरीरातूनच यायचा होता.

याच संस्थेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेथाडोनचा अभ्यास झाला. हे औषध युद्धाआधी जर्मनीत तयार झाले होते. लेक्झिंग्टनच्या डॉक्टरांना दिसले की, ते दिल्यावर अफू तुटल्याचा त्रास थांबतो आणि परिणाम बराच वेळ टिकतो. मग काही दिवस मेथाडोन द्यायचे, मात्रा उतरवत न्यायची आणि बंद करायची, अशी पद्धत तिथे रुळली. ते पुढे चालूच ठेवावे हा विचार मात्र कायद्याच्या धाकाने कोणी करत नव्हते. औषध सुमारे पंधरा वर्षे कपाटातच होते.

तो विचार केला निस्वँडर आणि व्हिन्सेंट डोल यांनी. डोल हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले चयापचयाचे अभ्यासक. त्यांनी निस्वँडर यांचे पुस्तक वाचले आणि १९६४ मध्ये त्यांना आपल्याकडे बोलावले. सुरुवातीला दोन रुग्णांना त्यांनी मॉर्फिन देऊन पाहिले. दोघेही दिवसभर पायजम्यात टीव्हीसमोर बसून पुढच्या मात्रेची वाट पाहत. मात्रा वाढतच गेली. मग त्यांना मेथाडोनवर आणले आणि काही आठवड्यांत चित्र पालटले. एक जण चित्रे काढू लागला, दुसऱ्याने अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्याची इच्छा दाखवली. १९६५ मध्ये २२ रुग्णांवरचा त्यांचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. अमली पदार्थ विभागाच्या लोकांनी हे काम बेकायदा असल्याचे सांगून डोल यांना धमकावले, पण ते मागे हटले नाहीत. त्याच वर्षी डोल आणि निस्वँडर यांनी लग्न केले. पुढे जगभर पसरलेल्या मेथाडोन उपचाराचा उगम हा.

या उपचारावर टीकाही झाली आणि ती सगळीच खोडसाळ नव्हती. काळ्या वस्त्यांतले अनेक कार्यकर्ते विचारत की, नोकरी, घर, शाळा काही न देता आमच्या मुलांच्या हातात फक्त एक औषधाचा पेला का देता? हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

जेरोम जॅफी १९५९ च्या सुमारास लेक्झिंग्टनला होते. पुढे त्यांनी शिकागोत इलिनॉय राज्यासाठी उपचारांची योजना उभी केली. तिचे वैशिष्ट्य असे की, मेथाडोन, निवासी समुदाय आणि औषध हळूहळू सोडवण्याची सोय हे सगळे त्यांनी एकाच योजनेत ठेवले. कोणत्या रुग्णाला काय लागू पडते ते बघायचे, पंथ काढायचे नाहीत. १९७१ च्या जून महिन्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांना थेट व्हाइट हाउसमध्ये आणले. व्हिएतनाममधले सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घेत असल्याच्या बातम्या येत होत्या. परत येणाऱ्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायची आणि दोष आढळल्यास शिक्षा न करता उपचार करायचे, ही जॅफी यांची योजना. मग लीी रॉबिन्स या संशोधक बाईंकडून त्या सैनिकांची पाहणी करून घेतली गेली. व्हिएतनाममध्ये व्यसनाधीन झालेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले जेमतेम ५ टक्के निघाले. लेक्झिंग्टनहून न्यूयॉर्कला परतणाऱ्यांत हेच प्रमाण नव्वदच्या पुढे होते. विक्लर यांचे म्हणणे इथे उलट्या बाजूने सिद्ध झाले असे म्हणता येईल. सैनिक ज्या जागी व्यसन शिकले ती जागा हजारो मैल मागे राहिली होती. लेक्झिंग्टनचा रुग्ण मात्र परत त्याच गल्लीत जात होता.

हर्बर्ट क्लेबर यांची तऱ्हा आणखी वेगळी. येल विद्यापीठात मनोविकारशास्त्र शिकलेल्या या तरुणाला १९६४ मध्ये लेक्झिंग्टनची नेमणूक मिळाली. दोन वर्षे काढायची आणि विसरून जायचे, असा त्यांचा बेत होता. येलला परतल्यावर मात्र लोक त्यांना शोधत येऊ लागले. कोणाचा मुलगा, कोणाचा विद्यार्थी. ‘तुम्ही लेक्झिंग्टनला होतात ना?’ एवढीच त्यांची ओळख, पण दुसऱ्या कोणाकडे तेवढीही नव्हती. १९६८ मध्ये त्यांनी येलचा व्यसनोपचार विभाग सुरू केला. १९८९ मध्ये ते अमेरिकी सरकारच्या अमली पदार्थ धोरण कार्यालयात मागणी कमी करण्याच्या कामाचे उपप्रमुख झाले. पैशाचा मोठा हिस्सा पोलीस आणि सीमेकडेच जातो हे अनुभवून अडीच वर्षांच्या आत बाहेर पडले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. त्यांच्या हाताखालून या विषयातल्या डॉक्टरांच्या पुढच्या पिढ्या बाहेर पडल्या.

चौथे नाव जॉर्ज व्हेलंट. लेक्झिंग्टनमध्ये असताना त्यांनी १९५२ साली तिथे दाखल झालेल्या न्यूयॉर्कच्या १०० रुग्णांचे पुढे काय झाले ते शोधायला घेतले आणि वीस वर्षांपर्यंत त्यांचा माग ठेवला. सुरुवातीला जवळजवळ सगळे परत व्यसनाकडे वळले होते. त्या टप्प्यावर पाहणी थांबवली असती तर ‘हे लोक सुधारत नाहीत’ हाच निष्कर्ष निघाला असता. पण वीस वर्षांनी पाहता सुमारे एक चतुर्थांश माणसे मरण पावली होती, आणि एक तृतीयांशाहून अधिक जणांनी व्यसन कायमचे सोडले होते. ती सुटली होती ती इस्पितळातल्या मुक्कामाने नव्हे. सुटकेनंतर दीर्घकाळ कोणाची तरी देखरेख, नियमित काम, नवी नाती, या गोष्टींचा तिथे वाटा होता. पुढे व्हेलंट हार्वर्डच्या प्रौढ जीवनाच्या दीर्घ अभ्यासाचे प्रमुख झाले आणि १९८३ मध्ये मद्यपाशावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक आले. माणसाकडे एका दिवसाच्या नव्हे, आयुष्याच्या मापाने पाहायचे, ही सवय त्यांना लेक्झिंग्टनच्या रुग्णांनी लावली असे मला वाटते.

इथपर्यंत वाचून कोणाला ही गौरवगाथा वाटेल. ती तशी नाही. संशोधन विभागात डॉक्टरांनी ज्यांच्यावर प्रयोग केले ते कैदी होते. व्यसन सुटलेल्या माणसांना पुन्हा मॉर्फिन देऊन, नंतर ते तोडून, त्यांच्या यातनांची मोजदाद केली जाई. भाग घेतल्याचा मोबदला म्हणून शिक्षेत सूट मिळे किंवा चक्क अफूजन्य पदार्थाची मात्रा मिळे. १९४५ ते १९६३ या काळात या विभागाचे प्रमुख असलेले डॉ. हॅरिस इस्बेल यांनी अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएच्या पैशावर एलएसडीचे प्रयोग केले. काही जणांना सलग ७७ दिवस ते दिले गेले. त्यांतले बरेच काळे कैदी होते. इस्बेल पुढे केंटकी विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे हे सारे उघड झाले आणि पुढच्या वर्षी कैद्यांवरचे हे संशोधन थांबले.

कैद्याने ‘हो’ म्हटले म्हणजे संमती झाली का? ज्याला तलब आहे त्याच्यापुढे तीच वस्तू मोबदला म्हणून ठेवायची आणि त्याची सही घ्यायची, याला स्वेच्छा म्हणता येणार नाही. शिकणाऱ्याची भूक कितीही प्रामाणिक असली तरी ती कोणाच्या जिवावर भागते, हे त्याला विचारावेच लागते.

हा प्रश्न दूर केंटकीत राहत नाही, आपल्या गल्लीपर्यंत येतो. याच विभागातले डॉ. डोनाल्ड जॅसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ते व्यसनाच्या उपचारासाठी उपयोगी पडेल असे सुचवले. आज भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांवर सुया टोचून नशा करणाऱ्यांना रोज कर्मचाऱ्यांसमोर जिभेखाली जी गोळी ठेवायला देतात, ती प्रामुख्याने याच औषधाची. मुंबईतही अशी केंद्रे आहेत. सुईतून पसरणारा एचआयव्ही त्या गोळीने रोखला जातो, माणसे कामावर जाऊ शकतात. तिच्या मागे लेक्झिंग्टनच्या कैद्यांची शरीरे आहेत आणि त्यांची नावे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

आपल्याकडे १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आला. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा झाला. तेव्हा आपल्या डॉक्टरांचीही अवस्था अमेरिकेच्या त्या जुन्या पिढीसारखीच होती, रुग्ण समोर होता आणि धडा कोणी दिलेला नव्हता. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी पती अनिल अवचट यांच्या साथीने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची त्यामागे मदत होती. बरे झालेले रुग्णच तिथे पुढच्या रुग्णांचे कार्यकर्ते झाले. भिंतीआडच्या कैद्याकडून शिकणे आणि सोबत बसलेल्या माणसाकडून शिकणे, यांतला फरक मुक्तांगणकडे पाहिले की कळतो.

आता या विषयाला अधिकृत जागा मिळाली आहे. अमेरिकेत व्यसनांचे मनोविकारशास्त्र १९९० च्या दशकात आणि व्यसनवैद्यक २०१६ मध्ये स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्य झाले. आपल्याकडे दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पीजीआय, बंगळुरूचे निम्हान्स येथे यात डीएम पदवी मिळते. तरीही एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० पैकी एकाला.

मोठ्या शहरातल्या दहा-वीस तज्ज्ञांनी ही दरी भरणार नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या, मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरच्या साध्या डॉक्टरला या रुग्णाची भीती वाटता कामा नये. निस्वँडर, जॅफी, क्लेबर यांच्यापैकी कोणीही जन्मतः या विषयाचे नव्हते. सरकारी हुकमाने त्यांना वर्ष-दोन वर्षे या माणसांच्या शेजारी बसावे लागले आणि तेवढ्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. आपल्या एमबीबीएसच्या मुलामुलींना असे बसणे मिळायला हवे. कैद्याच्या नव्हे, मोकळेपणी ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या रुग्णाच्या शेजारी. आणि ते काही दिवसांचे असू नये, कारण व्हेलंटना त्या शंभर माणसांचे खरे चित्र दिसायला वीस वर्षे लागली होती.